तोरणाच्या लोंब्या विकत आणायची पाळी

दसरा आठ-दहा दिवसांवर आला की बेटेगावच्या शिवारात हळवी भाते पिवळी पडू लागतात. गरव्याला अजून अवकाश असतो. बोईसर-चिल्हार रस्त्याने जाताना एका बाजूला चाळी आणि गाळे, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरे असे दृश्य दिसते. गावातली बरीच तरुण मुले तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातात. शेती मागे उरलेल्या म्हाताऱ्या माणसांवर आणि सुट्टीच्या दिवसावर चालते. अशा गावात सणासुदीच्या सजावटीवर लिहायला कृषी खात्याच्या माणसाने का बसावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण सांगतो.

गेल्या दसऱ्याला पीक पाहणीसाठी एका शेतकऱ्याच्या घरी गेलो होतो. दारावर सोनेरी लोंब्यांचे तोरण होते. जवळ जाऊन पाहिले तर प्लास्टिकचे. बोईसरच्या बाजारातून आणलेले. अंगणापासून पन्नास पावलांवर खरे भात पिकून वाकले होते. मी हसलो. घरातली आजी मात्र हसली नाही. म्हणाली, “साहेब, पोराला वेळ नाय, माझा हात चालत नाय. लावलं बाजारातलं. पण चिमणी एकदा येऊन बघून गेली, परत काय आली नाय.”

पुढे तिने जे सांगितले ते मला अधिक लागले. “गौरीला तेरडाबी विकत आणला. बांधावर एक झाड नाय. तुम्हीच सांगितलं होतं ना औषध मारायला?”

खरे होते. मुलाला बांध बेणायला सवड नाही म्हणून तणनाशकाचा सल्ला मीच दिला होता. भाताच्या खाचरातले तण आणि बांधावरचा तेरडा यात फरक करायला मी सांगितले नव्हते. तेरडा हे एका हंगामाचे झाड. बी धरण्याआधीच मारला की पुढच्या पावसाळ्यात उगवायला बी उरत नाही. सरसकट फवारणी केली आणि गौर गेली बाजारात. तेव्हापासून दाराचे तोरण, गौरीचा तेरडा, उंबऱ्यावरची पिठाची रांगोळी या गोष्टींकडे मी शेतीचा भाग म्हणून पाहू लागलो आहे.

लोंबी म्हणजे बियाण्याची निवड

आपल्या वाडवडिलांनी दारावर लोंब्या बांधल्या त्या केवळ शोभेसाठी नव्हेत. तोरणासाठी माणूस शेतात शिरतो तेव्हा तो पडलेली, पोचट, रोगट लोंबी उचलत नाही. भरलेली, टोकापर्यंत दाणा असलेली, एकसारखी लोंबीच तो निवडतो. यालाच आम्ही बियाण्याची निवड म्हणतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, यंदा तोरण बांधताना एवढे करा. लोंब्या बांधालगतच्या घेऊ नका, खाचराच्या मधल्या भागातून घ्या, म्हणजे शेजारच्या वाणाची भेसळ टळेल. कडाकरपा किंवा काजळी दिसलेल्या चुडातली लोंबी नको. देठ वीतभर ठेवून विळ्याने कापा. दोन-तीन दिवस ऊन द्या. दाणा दाताखाली कटकन तुटला की वाळला समजावे. मग भिजवलेल्या केळीच्या सोपाने किंवा काथ्याने तीन-तीन लोंब्यांची वेणी घालून तोरण गुंफा. एक तोरण दारावर चिमण्यांसाठी आणि एक घरात, उंदीर पोचणार नाही असे, बियाण्यासाठी.

शंभरेक भरदार लोंब्यांतून साधारण पाव किलो बी निघते. तेवढे अर्ध्या गुंठ्याला पुरते आणि त्याच्या पिकातून पुढच्या वर्षी जवळजवळ एकरभराचे बियाणे घरात येते. पेरण्यापूर्वी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे. तरंगलेले काढून टाकावे, तळाचे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवून सावलीत वाळवावे. मात्र संकरित वाणाच्या लोंब्या बियाण्यासाठी ठेवू नयेत. त्यांच्या पिकात पुढच्या वर्षी एकसारखेपणा राहत नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते मिळायला आधी शेतकऱ्यांच्या घरात तो वाण टिकून राहावा लागला, हे विसरून चालणार नाही.

आंबा, आपटा आणि झेंडू

तोरण म्हटले की आंब्याचा डहाळा आलाच. पण दसऱ्याला कोयत्याने शेंडे छाटण्याची जी पद्धत पडली आहे ती नुकसानीची आहे. आंब्याचा मोहोर फांदीच्या शेंड्यावर येतो. ऑक्टोबरात शेंडा छाटला की त्या फांदीचा यंदाचा मोहोर गेला असे समजा. तोरणाला पाने लागतात, फांदी लागत नाही. झाडाच्या आतल्या बाजूची जून पाने एकेक करून खुडावीत.

आपट्याचेही तसेच. सणाच्या आदल्या दिवशी गाड्या भरून फांद्या तोडल्या जातात आणि आपटा कमी पडला की कांचनावर कोयता चालतो. आपट्याचे पान लहान व जाडसर, कांचनाचे मोठे. ‘सोने’ म्हणून एक पान पुरते. शक्य असेल त्याने बांधाच्या कडेला आपट्याचे एक रोप लावावे.

झेंडूची रोपे जुलैच्या शेवटी पाण्याचा निचरा होणाऱ्या उंचवट्यावर लावली तर साधारण दोन महिन्यांत फुले येतात. सणाची तारीख पाहून आठ-पंधरा दिवस मागेपुढे करावे. झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतल्या सूत्रकृमींचा उपद्रवही कमी होतो, तेव्हा भाजीच्या वाफ्याभोवती त्याची ओळ ठेवणे दुहेरी फायद्याचे आहे. मुंबईत दादरच्या बाजारात दसऱ्याच्या आदल्या रात्री आपल्या भागातल्या भगिनी लोंब्या, आंब्याची पाने, आपटा घेऊन रस्त्यावर बसतात. शहरातला माणूस त्यांच्याकडून पैसे मोजून नेतो ते आपल्या बांधावर फुकट वाढते. आणि आपण बोईसरहून प्लास्टिक आणतो!

गंजाडची भिंत

हाताने केलेल्या सजावटीला किंमत नसते असे कोणी म्हणत असेल तर त्याने डहाणू तालुक्यातल्या गंजाडची आठवण करावी. वारली घरात लग्न असले की सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात. पीठ घरचे, गेरू जमिनीतला, कुंचला म्हणजे टोक ठेचलेली काडी. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी या भागात येऊन वारल्यांच्या हाती कागद दिला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी भिंतीवरची ही कला जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

त्या चित्रांत काय असते हे नीट पाहा. लावणी, झोडणी, कणगी, ताडावर चढणारा माणूस आणि तारप्याभोवती नाचणारा फेर. तो तारपासुद्धा शेतातलाच. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांचा. म्हणजे चित्रही शेतीचे आणि रंगही शेतीचा. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या शिक्षणात हेच धरले. पाने, बिया, खडे, शिंपले अशा परिसरातल्या वस्तूंनीच मुलांना शिकवले. आपल्या अंगणवाड्यांतून रंगीत कागदाच्या झिरमिळ्या लावण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

बांबूला आता अडचण नाही

दिवाळीच्या आकाशकंदिलाचेही तेच आहे. विक्रमगड तालुक्यातल्या भगिनी बांबूचे कंदील आणि राख्या करून विकतात. बेटेगावात कित्येक घरांमागे बांबूचे बेट आहे, पण ‘तोडला तर वन खाते पकडील’ ही भीती अजून गेलेली नाही. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला आहे. आपल्या मालकीच्या जमिनीतला बांबू तोडायला त्या कायद्याची आडकाठी नाही.

कामासाठी तीन वर्षांपुढची जून काठी घ्यावी, कोवळे कोंब राखावेत. तोडणी पावसाळा संपल्यावर, थंडीत करावी. काठ्या दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवल्या तर त्यातली साखर व पिठूळ अंश कमी होतो आणि भुंगा कमी लागतो. सूप, टोपली, इरले करणारे हात ज्या घरात अजून आहेत, तिथे नातवंडांना दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस बसवावे. कंदील वाकडा झाला तरी बिघडत नाही.

ग्रामपंचायतीने एवढे करावे

सरपंच, ग्रामसेवक आणि शिक्षक मंडळींना तीन विनंत्या आहेत. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, ती गावच्या उत्सवापासून पाळावी. शाळेच्या वा कार्यालयाच्या भिंतीवर वारली चित्र काढायचे असेल तर बाहेरचा रंगारी न आणता गावातल्या वारली भगिनींना ते काम द्यावे, आणि त्यांना योग्य मजुरी द्यावी. तिसरे म्हणजे गावातल्या रस्त्याच्या आणि ओढ्याच्या कडेला सरसकट तणनाशक मारू नये. तेरडा, कुर्डू आणि कितीतरी रानभाज्या तिथेच उगवतात.

हे सारे केल्याने कोणाचे कर्ज फिटणार नाही, हे मला ठाऊक आहे. जमिनी विकल्या जात आहेत, मजूर मिळत नाही, भाताला भाव पुरत नाही. पण शेतात राबून आलेल्या माणसाला आपल्या दारात आपल्याच हातची वस्तू पाहून बरे वाटते, हेही काही थोडे नाही. आणि शेताशी ज्याचा एवढाही संबंध उरला नाही, त्याला ते विकताना फार वाईटही वाटत नाही.

त्या आजीच्या बांधावर यंदा फवारणी केली नाही. मुलाने सुट्टीच्या दिवशी विळ्याने बांध बेणला आणि तेरड्यासाठी एक कोपरा सोडला. दुसऱ्या वाडीतून आणलेले मूठभर बी मी जूनमध्ये तिथे टाकले होते. फार नाही, दहा-बारा झाडे आली. गौरीपुरती झाली. परवा गेलो तेव्हा आजी ओटीवर केळीचे सोप भिजवून बसली होती. मला म्हणाली, “उभे काय राहिलात साहेब? विळा घ्या नि लोंब्या आणा.”

मी विळा घेतला आणि खाचरात उतरलो.