पोलिसांचे मनःस्वास्थ्य : एक सामाजिक जबाबदारी

गणेशोत्सव असो, आषाढीची वारी असो वा निवडणूक असो, इतरांच्या सणाचा दिवस हा पोलिसांच्या बंदोबस्ताचा दिवस असतो. लांबणारे कामाचे तास, अपुरी झोप, ऐनवेळी रद्द होणारी रजा, अपघात व मृत्यू यांचे वारंवार घडणारे दर्शन यांचा भार मनावर साचत जातो. त्यात कर्ज, आजार, घरगुती कलह किंवा मद्यपान यांची भर पडली, म्हणजे निराशा बळावते आणि काहींच्या मनात आत्महत्येचा विचार डोकावतो.

गणवेशातील माणसाने सदैव खंबीर असावे, अशी समाजाची अपेक्षा असते. त्रास सांगितला तर सहकारी हसतील, बढती अडेल, या भीतीने पुष्कळजण मौन पत्करतात. हे मौन मोडणे हेच प्रतिबंधाचे पहिले पाऊल होय.

विश्रांतीचा प्रश्नही तितकाच मूलभूत आहे. मुंबईतील देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तो याच जाणिवेतून. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन उपलब्ध करून देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठीतूनही सल्ला मिळतो.

अबोला, चिडचिड, उडालेली झोप, वाढते व्यसन, निरवानिरवीची भाषा ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी ठाणेप्रमुखाने त्या कर्मचाऱ्यास एकांतात, आपुलकीने विचारावे. आत्महत्येविषयी स्पष्ट विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा गैरसमज आहे. उलट मन मोकळे होण्यास वाट मिळते. त्यास एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे. काही काळ शस्त्राविना काम द्यावे लागल्यास ती शिक्षा नव्हे, काळजी आहे, हे त्यास व त्याच्या सहकाऱ्यांसही समजावून सांगावे.

पोलिसाचे मूल वर्गात अचानक गप्प झाले, तर शिक्षकांनी घरची विचारपूस करावी. रजेवर गावी आलेल्या पोलिसाकडे पंचायत सदस्यांनी तक्रारी घेऊन जाण्यापूर्वी, ‘आपण कसे आहात?’ एवढे अवश्य विचारावे.