अमेरिकेतील म्हातारपणाची ठेव : परतीची की बिनपरतीची?



परतीची ठेव आणि बिनपरतीची ठेव हे शब्द आपल्याला कोणी समजावून सांगायला नकोत. ऊसबिलातील कपातीच्या रकान्यात ते आपण वाचले आहेत आणि वार्षिक सभेत त्यांवरून आवाज चढलेलेही ऐकले आहेत. पण तिकडे अमेरिकेतल्या म्हाताऱ्या माणसांचाही जीव याच दोन शब्दांत अडकलेला असतो, हे आम्हाला अगदी अलीकडे समजले.

झाले असे की, गळीत हंगाम सुरू होण्याच्या थोडे आधी आपले एक जुने सभासद कार्यालयात आले. सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांचे थोरले बंधू इंजिनिअर होऊन पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेला गेले आणि फ्लोरिडा राज्यात स्थायिक झाले. आता वय ऐंशीच्या घरात. त्यांचा फोन आला होता : आम्ही दोघे म्हाताऱ्यांच्या वसाहतीत राहायला जातोय, प्रवेश फी मोठी आहे, माझ्या वाटणीची दोन एकर विकून दे, नव्वद टक्के रक्कम पुढे परत मिळते, ती मुलांना येईल.

तात्या म्हणाले, "विहिरीलगतची दोन एकर हाय ती. दादाला न्हाई म्हणवत न्हाई. पर पैसं परत मिळत्यात म्हंजी कुणाला, कवा आणि किती, एवढं बघून सांगा."

आम्ही चौकशी केली. आपल्या कार्यक्षेत्रातील कितीतरी घरांतली मुले तिकडे आहेत, तीही एक दिवस म्हातारी होणार; म्हणून हाती आलेली माहिती सर्वांसाठी देत आहोत.

या वसाहतींना तिकडे सी.सी.आर.सी. म्हणतात. आपल्याकडच्या वृद्धाश्रमासारखा हा प्रकार नव्हे. धडधाकट असताना नवरा-बायकोने स्वतंत्र फ्लॅटमध्ये राहायचे, हातपाय थकले की मदतनीस असलेल्या विभागात जायचे आणि अंथरूण धरले की त्याच आवारातल्या शुश्रूषागृहात. सरकारची मेडिकेअर योजना म्हाताऱ्यांचा दवाखान्याचा खर्च उचलते, पण वर्षानुवर्षांच्या शुश्रूषेचा खर्च ती देत नाही. ती धास्ती मिटावी म्हणून लोक राहते घर विकून प्रवेश फी भरतात. शिवाय दरमहाचा आकार वेगळा. आणि एवढे पैसे भरूनही फ्लॅट नावावर होत नाही. सातबारा नाही, खरेदीखत नाही. हातात असतो तो फक्त करार.

आता परताव्याचे बघू. जुन्या पद्धतीच्या करारात फी दरमहा झिजत जाते. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे अशा करारात वसाहतीला राहिलेल्या प्रत्येक महिन्यामागे जास्तीत जास्त 2 टक्के कापता येतात, वर प्रक्रिया खर्च म्हणून 5 टक्क्यांपर्यंत. समजा, 3 लाख डॉलर भरले आणि 20 महिन्यांनी माणूस गेला. 40 टक्के झिजले, 5 टक्के खर्चाचे गेले, उरले 1 लाख 65 हजार. चार वर्षे उलटली की हातात काहीच नाही. म्हणजे ही हळूहळू बिनपरतीची होत जाणारी ठेव.

दुसऱ्या प्रकारात 50, 75 किंवा 90 टक्के परत देण्याची बोली असते. तात्यांचे बंधू याच प्रकारात शिरणार होते. पण या बोलीसाठी आधीची फी जास्त भरावी लागते आणि परताव्यावर बहुधा व्याज नसते. समजा, 5 लाख भरले आणि 12 वर्षांनी साडेचार लाख परत आले. महागाई वर्षाला 3 टक्के धरली, तर त्या साडेचार लाखांची आजच्या हिशेबाने किंमत 3 लाख 16 हजारांच्या आसपास होते. नव्वद टक्के हा आकडा कागदावर दिसतो तेवढा गोड नाही.

आणि खरी गोम तर पुढेच आहे. पैसे परत केव्हा? माणूस गेला की लगेच नाही. बहुतेक करारांत लिहिलेले असते, की रिकाम्या फ्लॅटमध्ये नवा रहिवासी येऊन त्याने फी भरली, की मग जुन्याच्या वारसांना रक्कम मिळेल. काही ठिकाणी तर रांग असते. तशाच फ्लॅटसाठी आधी नंबर लागलेल्यांचे फिटल्यावर तुमचे. गिऱ्हाईक आणायचे काम वसाहतीचे, वाट बघायचे काम वारसांचे! कॅलिफोर्नियात प्रत्यक्ष राहायला आल्यापासून 90 दिवस माघार घेता येते. फ्लोरिडात सही केल्यापासून फक्त 7 दिवस, तेवढ्यात पैसे पूर्ण परत.

एवढ्यावरही भागले असते. पण वसाहतच बुडाली तर? कॅलिफोर्नियात पॅसिफिक होम्स नावाची मेथॉडिस्ट चर्चशी संबंधित संस्था होती. एकरकमी पैसे घेऊन जन्मभर सांभाळण्याचे करार तिने केले. माणसे अंदाजापेक्षा जास्त जगली, महागाई वाढली आणि जुन्यांचा खर्च नव्यांच्या फीमधून भागवायची पाळी आली. 1977 साली संस्थेने दिवाळे काढले. रहिवाशांनी चर्चवर दावा लावला आणि 1980 मध्ये 2 कोटी 10 लाख डॉलरवर तडजोड झाली. हे जुने झाले म्हणावे, तर न्यूयॉर्कजवळची 2010 साली सुरू झालेली हार्बरसाइड ही वसाहत 2014, 2021 आणि 2023 अशी तीन वेळा दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. शेवटच्या खेपेला ती विकली गेली, आणि सोडून गेलेल्यांचे व मयतांच्या वारसांचे परतावे अडकले. कारण साधे आहे. कर्जरोखेवाल्यांकडे तारण असते, रहिवाशाकडे नसते. आजारी पडलेल्या कारखान्यात बँकेचा हक्क आधी लागतो आणि ठेवीदार मागे उभा राहतो, हे आपल्यापैकी काहींनी बघितले आहे. तसेच हे.

सगळ्याच वसाहती बुडतात असे मात्र नव्हे. एरिक्सन या मोठ्या कंपनीनेही 2009 मध्ये दिवाळे काढले होते. पण तिच्या वसाहती नव्या मालकाकडे गेल्या आणि रहिवाशांचे करार पाळले गेले. हजारो म्हातारी माणसे अशा वसाहतींत सुखाने राहतात, हेही खरेच. एकटेपणापेक्षा ते बरे, असे तात्यांचे बंधूही म्हणाले, आणि त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

आम्ही तात्यांच्या पुतण्याला ई-मेल पाठवायला लावला. परतावा फ्लॅट पुन्हा भरल्यावरच मिळणार का, त्याला मुदत आहे का. आज किती फ्लॅट रिकामे आहेत. राहिलेले परतावे किती जणांचे. आणि मासिक आकार थकला तर तो परताव्यातून कापतात का? शिवाय वसाहतीचा हिशेब तपासनिसाच्या सहीचा मागवावा, असेही कळवले.

महिनाभराने उत्तर आले. रांग आहे. परताव्याला मुदत नाही. थकबाकी परताव्यातून कापतात.

बंधूंनी सही थांबवली आहे. आता ते लहान फ्लॅट आणि कमी फीचा, झिजत जाणारा करार बघत आहेत. परतावा कमी मिळाला तरी चालेल, पण राहते घर विकून भागेल असा. दोन एकरांत तात्यांनी आडसाली लावण आधीच केली होती. तोड झाल्याशिवाय मोजणी आणायची नाही, असे दोघा भावांचे फोनवर ठरले आहे.