प्रवाळाच्या टाकीवरील दिवा

काचेच्या टाकींत मासे पाळण्याचा छंद जुना आहे. त्याच टाकींत खारें पाणी भरून जिवंत प्रवाळ वाढविण्याचा छंद मात्र त्या मानानें अलीकडचा. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनीं १९६१ सालीं आपल्या समुद्रटाक्यांची हकीकत एका अमेरिकन मासिकांत प्रसिद्ध केली. त्यांच्या प्रदेशांत सूर्यप्रकाशाला तोटा नव्हता. पुढें हा छंद जर्मनींत रुजला, आणि तेथें खरी अडचण उभी राहिली. बर्लिन शहरीं डिसेंबरांत दिवस पुरता आठ तासांचाहि नसतो. उष्ण कटिबंधांतील उन्हावर पोसलेला जीव अशा ठिकाणीं जगवावयाचा, तर सूर्य घरांतच निर्माण करणें प्राप्त होतें. मेटल हॅलाइड दिव्यांच्या जोडीनें हें काम अनेक वर्षें फ्लुओरेसंट दिव्यांनीं, म्हणजे घरोघरच्या ट्यूबलाइटच्या भावंडांनीं केलें.

हा दिवा निवडतांना माणूस बहुधा एकाच साक्षीदारावर विसंबतो. तो साक्षीदार म्हणजे त्याचा स्वतःचा डोळा. आणि नेमकी हीच साक्ष येथें फसवी ठरते. ती कां फसवी ठरते, हें समजलें म्हणजे दिव्याची निवड निम्म्याहून अधिक सोपी होते.

प्रथम हा प्रकाश हवा कोणाला, तें पाहिलें पाहिजे. प्रवाळ हें झाड नव्हे, दगडहि नव्हे. तो प्राणी आहे. परंतु टाकींत ठेवल्या जाणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शेवाळ वस्तीला असतें. तें प्रकाशाच्या साह्यानें साखर तयार करतें आणि तींतील मोठा वांटा यजमानाला देतें. त्याबद्दल यजमान त्याला आसरा देतो आणि आपल्या शरीरांतील टाकाऊ द्रव्यें पुरवितो. असा हा भाडेकरूनें घरमालकाला पोसण्याचा संसार आहे. प्रकाश कमी पडला कीं हें शेवाळ कमी अन्न करतें आणि प्रवाळ हळूहळू खंगतें. उलट, प्रकाश एकाएकीं फार वाढला तर शेवाळांत घातक द्रव्यें तयार होतात, प्रवाळ त्याला बाहेर टाकतें आणि स्वतः पांढरें फटक पडतें. तात्पर्य, टाकीवरचा दिवा ही नुसती रोषणाई नव्हे. तें प्रवाळाचें ताट आहे.

आतां या ताटांत काय वाढावें? समुद्राचें पाणी सूर्यप्रकाशांतील तांबडा भाग वरच्या थोड्या मीटरांतच गिळून टाकतें; निळा भाग मात्र खोलवर पोंचतो. साहजिकच प्रवाळांतील शेवाळाचीं रंगद्रव्यें मुख्यतः निळ्या प्रकाशावर जगण्यास सरावलेलीं असतात; ४०० ते ५०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी त्यांना विशेष मानवतात. मनुष्याचा डोळा मात्र ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळट हिरव्या प्रकाशाला सर्वांत अधिक दाद देतो. म्हणून जो दिवा माणसाला लखलखीत वाटतो, तो प्रवाळाला अर्धपोटीं ठेवणारा असूं शकतो. आणि जो निळा दिवा माणसाला मंद भासतो, त्याच्याखालीं प्रवाळ तृप्त असूं शकतें. दिव्याच्या खोक्यावर छापलेला लुमेनचा आंकडा हा याच मानवी डोळ्याच्या मापानें काढलेला असतो. प्रवाळाच्या दृष्टीनें त्याला फारशी किंमत नाहीं.

फ्लुओरेसंट दिव्याची थोरवी अशी कीं, त्याचा रंग ठरविणें कारखानदाराच्या हातीं असतें. नळीतील पाऱ्याच्या वाफेंतून वीज गेली म्हणजे न दिसणारे अतिनील किरण निघतात. कांचेच्या आंतील लेप ते शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतो. लेप बदलला कीं प्रकाश बदलला. बाजारांत या नळ्यांवर केल्व्हिनचा आंकडा असतो. ६,५०० म्हणजे दिवसासारखा पांढरा, १०,००० म्हणजे थंड पांढरा आणि त्याहून वरचे आंकडे निळसर. ॲक्टिनिक म्हणून मिळणारी नळी ४२० नॅनोमीटरच्या आसपास जांभळट निळा प्रकाश देते. एकाच प्रकारच्या नळ्या लावण्यापेक्षां निम्म्याहून अधिक निळ्या आणि बाकीच्या पांढऱ्या असा मेळ घालणें चांगलें. त्यायोगें प्रवाळाचें पोट भरतें, आणि पाहणाऱ्यालाहि माशांचे रंग नीट दिसतात.

रंगानंतर प्रश्न येतो बळाचा. नळीच्या नांवांतील ‘टी’पुढचा आंकडा तिची जाडी इंचाच्या आठव्या हिश्शांत सांगतो. टी-१२ म्हणजे दीड इंच, टी-८ म्हणजे एक इंच आणि टी-५ म्हणजे पांच अष्टमांश इंच, सुमारें १६ मिलिमीटर. घरांतील चार फुटी जुनी जाड नळी ४० वॉटची असे. टाकीसाठीं वापरली जाणारी जवळजवळ तेवढ्याच लांबीची अधिक शक्तीची टी-५ नळी ५४ वॉटची असते. बारीकपणाचा लाभ दुहेरी आहे. एक तर थोड्या जागेंत अधिक नळ्या बसतात. दुसरें असें कीं, प्रत्येक नळीमागें स्वतंत्र वक्र परावर्तक बसवितां येतो. हा परावर्तक नसेल तर वरच्या बाजूस गेलेला प्रकाश बव्हंशीं वायां जातो. म्हणून नळ्यांची संख्या मोजण्याआधीं परावर्तक पाहावा.

किती नळ्या लावाव्यात, हें टाकीची खोली आणि प्रवाळाची जात यांवर अवलंबून आहे. प्रवाळापर्यंत पोंचणारा उपयुक्त प्रकाश मोजण्याचें माप म्हणजे एका चौरस मीटरवर दर सेकंदास पडणारे प्रकाशकणांचे मायक्रोमोल. मऊ प्रवाळांना साधारणतः ५० ते १५० पुरतात. ॲक्रोपोरासारख्या फांदीदार पाषाणप्रवाळांना २०० ते ४०० लागतात. उष्ण कटिबंधांत भर दुपारीं समुद्राच्या पृष्ठावर हाच आंकडा २,००० च्या घरांत असतो. चार फूट लांबीच्या, मध्यम खोलीच्या टाकींत मऊ प्रवाळांसाठीं ५४ वॉटच्या चार नळ्या चालतात. फांदीदार प्रवाळांसाठीं सहा ते आठ लागतात. चार नळ्या रोज नऊ तास जळल्या तर सुमारें दोन युनिट वीज खर्च होते. हा हिशेब खरेदीपूर्वींच मांडावा, म्हणजे मागाहून काटकसरीपायीं प्रवाळाची उपासमार होत नाहीं.

डोळ्याची आणखी एक फसगत आहे. नळीचा लेप वापरानें झिजतो, पण इतका सावकाश कीं रोज पाहणाऱ्याला तो बदल उमगत नाहीं. म्हणून जाणते छंदी नळी विझण्याची वाट न पाहतां नऊ ते बारा महिन्यांनीं ती बदलतात. आणि सगळ्या नळ्या एकदम न बदलतां कांहीं आठवड्यांच्या अंतरानें एकेक बदलतात. नाहीं तर मंद प्रकाशाला सरावलेल्या प्रवाळावर एका दिवसांत प्रखर प्रकाशाचा मारा होतो. उष्णतेचेंहि असेंच. टी-५ नळी भोंवतालची हवा ३५ अंश सेल्सिअसच्या सुमारास असतांना सर्वाधिक प्रकाश देते. त्याहून फार तापली तर तिचें तेज घटतें, आणि खालचें पाणीहि तापूं लागतें. यासाठीं दिव्याच्या पेटींत लहानसा पंखा असावा. नळीचीं टोकें खाऱ्या तुषारांपासून झांकलेलीं असावींत, आणि तारेला भिंतीपाशीं खालीं झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी सॉकेटांत न जातां तेथेंच गळून पडतें.

आज एलईडी दिव्यांनीं या नळ्यांची जागा बरीचशी घेतली आहे. त्यांना वीज कमी लागते, आणि त्यांत पारा नसतो. नळीच्या बाजूनें एक गोष्ट मात्र अजून सांगतां येते. तिचा प्रकाश लांबवर पसरलेल्या झोतांतून येतो, त्यामुळें फांद्यांच्या कुशींत गडद सावल्या पडत नाहींत. परंतु पाऱ्यामुळें युरोपीय संघानें २०२३ सालीं सर्वसाधारण वापराच्या टी-५ व टी-८ नळ्या बाजारांत आणण्यास बंदी केली, आणि पाऱ्याविषयींच्या मिनामाटा करारानेंहि त्या टप्प्याटप्प्यानें बंद करण्याचें ठरविलें आहे. तेव्हां नळ्यांची पेटी विकत घेणाऱ्यानें आधीं बदलीच्या नळ्या मिळत राहतील कीं नाहीं याची खात्री करावी. आणि जुनी नळी कचऱ्यांत न फोडतां ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

शेवटीं दिव्याइतकीच महत्त्वाची गोष्ट प्रवाळाच्या उगमाची. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं पाषाणप्रवाळांना संरक्षण आहे. मालवणजवळच्या समुद्रांतील प्रवाळाची फांदी तोडून घरीं आणणें हा गुन्हा होय. जेथें हा छंद कायद्यानें मोकळा आहे, तेथेंहि टाकींतच वाढलेल्या प्रवाळाचे तुकडे घेणें उचित. प्रवाळ ओरडत नाहीं, भूक लागली म्हणून कांचेवर धडका देत नाहीं. त्याची उपासमार रंग उतरल्यावरच कळते, आणि तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून दिवाणखान्याला शोभणारा दिवा कोणता, हा विचार मागाहून करावा. त्या मुक्या जीवाला जगविणारा कोणता, हें आधीं मोजून पाहावें.