वजनकाटा जे सांगत नाही

शाळाभेटीस गेलो असता आरोग्यपत्रक प्रथम पाहण्याची माझी जुनी सवय आहे. उंची, वजन, दिनांक सर्व नीट भरलेले असते. परंतु ‘ठीक’ असा शेरा मिळालेला मुलगा पाण्याची बादली नेताना चारदा खाली ठेवू लागला, म्हणजे त्या शेऱ्याविषयी शंका येते.

वजन ही हाडे, स्नायू, मेद, पाणी इत्यादींची बेरीज होय; आणि बेरजेवरून तिच्यातील अंक ओळखता येत नाहीत, हे शिक्षकांस सांगावयास नको. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचे उदाहरण स्वतःच्याच देहाचे दिले. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे व इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण मेद युडकिन यांच्या देहात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासातही नवजात अर्भके इंग्लंडमधील अर्भकांहून लहान व स्नायूंनी उणी आढळली. त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने टिकून होता. जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या साह्याने मोठ्या प्रमाणात स्नायूंत शोषली जाते. हे कोठारच लहान असेल तर साखर रक्तात रेंगाळते. कृश माणसासही मधुमेह का जडतो, याचे एक कारण येथे सापडते.

स्नायूंच्या बळाचे महत्त्व याहून व्यापक आहे. भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांच्या मुठीची पकड मोजून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पकड ५ किलोने कमी असल्यास मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक आढळला. अर्थात मूठ आवळण्याच्या सरावाने आयुष्य वाढते, असे नव्हे. पकड ही सबंध देहाच्या बळाची केवळ खूण आहे.

आपल्या शाळांत पकडमापक यंत्र नाही. त्यावाचून अडतही नाही. जागच्या जागी दोन्ही पायांनी मारलेली लांब उडी फीतीने मोजावी. वर्षातून तीनदा नोंद करावी, आणि तुलना त्या मुलाची त्याच्याशीच करावी. वर्गापुढे अंक वाचून दाखवू नयेत. जो मागे पडतो तो उपाशी येतो काय, हे आधी विचारावे. भुकेल्या मुलाकडून बैठका काढून घेणे हा व्यायाम नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने शाळकरी मुलांस रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते दमदार हालचाल व आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. आपला शारीरिक शिक्षणाचा तास मात्र परीक्षा जवळ आली की गणिताकडे जातो. हे मीही शिक्षक असताना केले आहे. या वर्षी तो तास मैदानावरच राहू द्यावा, आणि आरोग्यपत्रकात वजनाशेजारी उडीचा एक रकाना आखून घ्यावा.