रद्दीतून लिलावात

चित्रकथा तुम्ही सर्वांनी वाचल्या असतील. मुंबईत १९६७ साली सुरू झालेली ‘अमर चित्रकथा’ घरोघरी पोहोचली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांसारख्या चित्रकारांनी तिची पाने सजवली. आपण चित्रकथा वाचतो, मित्राला वाचायला देतो आणि जुनी झाली की रद्दीत घालतो. छापलेल्या पुस्तकाच्या हजारो प्रती असतात. एक हरवली तर दुसरी मिळते. पण चित्रकाराने ज्या कागदावर ते चित्र प्रथम आपल्या हाताने काढले, तो कागद मात्र एकच असतो. छपाई झाल्यावर त्या कागदाचे काय होते, याचा विचार आपण सहसा करत नाही.

अमेरिकेत आणि युरोपात असे मूळ कागद लिलावात विकले जातात. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील डलास शहरात ‘हेरिटेज ऑक्शन्स’ या संस्थेने एका पानाचा लिलाव केला. चित्रकार माइक झेक यांनी काढलेले हे पान १९८४ सालच्या एका चित्रकथेतील होते. स्पायडरमॅन या नायकाला त्याचा काळा पोशाख कसा मिळाला, हे या कथेत दिसते. या एका पानाला ३३ लाख ६० हजार डॉलर मिळाले. त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे २५ कोटी रुपये होते. ज्या अंकात हे चित्र छापले गेले, तो अंक मुले खिशातल्या सुट्या पैशांत विकत घेत होती.

एका कागदाला एवढी किंमत का यावी? ती कशी ठरते? आणि हा पैसा शेवटी कोणाच्या हाती जातो? या तीन प्रश्नांची उत्तरे आपण या पाठात पाहू.

मूळ पान म्हणजे काय?

चित्रकथेचे एक पान बहुधा अनेक हातांतून तयार होते. लेखक कथा लिहितो. एक चित्रकार पेन्सिलीने चित्रे काढतो. दुसरा चित्रकार त्यांवर काळ्या शाईने रेघा पक्क्या करतो. पात्रांच्या तोंडचे संवाद लिहिणारा आणखी एक कारागीर असतो. अमेरिकेत हे काम जाड, पांढऱ्या कागदावर होते. आज हा कागद बहुधा ११ इंच रुंद आणि १७ इंच उंच असतो. म्हणजे छापलेल्या पानापेक्षा मूळ पान बरेच मोठे असते. मोठे चित्र छापताना लहान केले की त्यातील रेघा अधिक रेखीव दिसतात.

मूळ पान पाहिले तर प्रथम आश्चर्य वाटते, कारण जुन्या अमेरिकी चित्रकथांच्या मूळ पानांवर बहुधा रंग नसतात. रंगांची सूचना वेगळ्या कागदावर दिली जाई आणि रंग छपाईच्या वेळी येत. मूळ पानावर असते ती काळी शाई, पुसूनही थोडी उरलेली पेन्सिल, चूक झाकण्यासाठी लावलेला पांढरा रंग आणि समासात लिहिलेल्या सूचना. छापलेल्या पानावर यांतले काहीच दिसत नाही. चित्रकार कोठे थांबला, कोठे त्याने रेघ बदलली, हे फक्त मूळ पानच सांगते. संग्राहकांना त्याचे मोल वाटते ते यासाठीच.

उर्दू वाचणाऱ्या तुम्हा मुलांना हे लवकर कळेल. संगणक येण्यापूर्वी उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत असत. त्यांनी लिहिलेल्या पानावरून अंक छापला जाई. सकाळी अंक वाचकांच्या हाती पडला की कातिबाने रात्रभर जागून लिहिलेल्या त्या कागदाकडे कोण पाहणार? चित्रकथेच्या मूळ पानाचेही नेमके हेच झाले.

मोलाचा कागद मातीमोल कसा झाला?

प्रकाशकाच्या दृष्टीने मूळ पान हे छपाईचे एक साधन होते. काम झाले की त्याची गरज संपत असे. त्यामुळे १९३० ते १९६० या काळातील असंख्य मूळ पाने फाडली गेली, जाळली गेली किंवा कचऱ्यात गेली. काही पाने कार्यालयात येणाऱ्या पाहुण्यांना सहज देऊन टाकली गेली. बॅटमॅनच्या आरंभीच्या चित्रकारांपैकी जेरी रॉबिन्सन यांनी अशी काही पाने जपून ठेवली, म्हणून ती आज पाहायला मिळतात. असे जपणारे लोक फार थोडे होते.

पाने नष्ट झाली म्हणूनच उरलेल्या पानांचे महत्त्व वाढले. शिवाय लहानपणी चित्रकथा वाचणारी मुले मोठी झाली आणि कमावू लागली. बालपणी मनात घर करून बसलेले चित्र आपल्या घराच्या भिंतीवर असावे, असे त्यांना वाटू लागले. वस्तू थोड्या आणि मागणारे पुष्कळ, अशी स्थिती आली की भाव चढतो. आता तर अनेक चित्रकार संगणकावरच चित्रे काढतात. तेथे कागदच नसतो. म्हणून हाताने काढलेली जुनी पाने अधिकच दुर्मीळ झाली आहेत.

लिलाव कसा होतो?

उर्दूत आपण ज्याला ‘नीलाम’ म्हणतो, त्यालाच मराठीत ‘लिलाव’ म्हणतात. हे दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दापासून आले आहेत. म्हणजे ही सख्खी भावंडेच आहेत.

लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव होतो. तेथे रोज शेकडो गाड्या येतात. आज माल घेता आला नाही तर व्यापारी उद्या घेऊ शकतो. मूळ पानाचे तसे नाही. आज ते दुसऱ्याने नेले तर कदाचित आयुष्यात पुन्हा विक्रीला येणार नाही. म्हणून बोली लावणारे हट्टाला पेटतात. मात्र किंमत चढण्यासाठी एक हट्टी माणूस पुरत नाही, किमान दोन लागतात.

ज्याच्याकडे पान आहे, तो ते लिलाव करणाऱ्या संस्थेकडे सोपवतो. संस्थेचे जाणकार ते तपासतात. त्याचे छायाचित्र आणि माहिती सूचिपत्रात छापतात व अंदाजे किती किंमत येईल तेही सांगतात. कधी विकणारा एक किमान किंमत ठरवून देतो. बोली तिच्यापर्यंत पोहोचली नाही तर पान विकले जात नाही. लिलावाच्या दिवशी काही लोक सभागृहात बसून, काही दूरध्वनीवरून, तर काही संगणकावरून बोली लावतात. कोणी पुढे जाईनासे झाले की लिलाव पुकारणारा हातोडा आपटतो आणि सौदा पक्का होतो.

हातोडा पडला तरी हिशेब संपत नाही. खरेदीदाराला त्या किमतीवर संस्थेचे कमिशनही द्यावे लागते. समजा, हातोडा १ लाख डॉलरवर पडला आणि कमिशन २० टक्के असेल, तर खरेदीदाराला १ लाख २० हजार डॉलर द्यावे लागतील. वर्तमानपत्रात येणाऱ्या मोठ्या रकमांत बहुधा हे कमिशन धरलेले असते.

किंमत कशावरून ठरते?

सर्वच पानांना लाखो डॉलर मिळत नाहीत. जाणकार काही गोष्टी पाहतात. चित्रकार कोण आहे? पान आतले आहे की मुखपृष्ठ? मुखपृष्ठाला बहुधा अधिक किंमत येते. पानावर कोणते पात्र आहे आणि तेथे काय घडते? नायकाचे पहिले दर्शन असेल तर भाव कितीतरी वाढतो. कागद फाटला आहे का, पिवळा पडला आहे का, हेही पाहिले जाते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो तो म्हणजे पान खरे आहे का, आणि ते विकणाऱ्याकडे कसे आले? नकली पाने बनवणारे लोक असतात, तशीच चोरीची पानेही असतात. म्हणून मूळ पान छापील पानाशी रेघ न् रेघ ताडून पाहतात. समासातील नोंदी व शिक्के तपासतात. पूर्वीच्या मालकांची माहिती घेतात.

कागदाची घडी पडली म्हणून किंमत जातेच असे नाही. बेल्जियमचे चित्रकार एर्जे यांनी १९३६ साली ‘टिनटिन’ या आपल्या नायकाच्या ‘निळे कमळ’ या पुस्तकासाठी एक रंगीत मुखपृष्ठ काढले होते. ते छापणे महाग पडेल म्हणून नाकारले गेले. एर्जे यांनी ते प्रकाशकाच्या लहान मुलाला भेट दिले आणि ते घडी घालून खणात ठेवले गेले, असे सांगतात. जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात ते सुमारे ३२ लाख युरोंना विकले गेले. त्यावरील घड्या अजून दिसतात.

पैसा कोणाला मिळतो?

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळू. लिलावाचा पैसा पानाच्या मालकाला मिळतो आणि चित्रकार बहुधा मालक नसतो.

सुपरमॅनची गोष्ट पाहा. जेरी सीगल व जो शस्टर या दोन तरुणांनी हा नायक निर्माण केला. १९३८ साली प्रकाशकाने त्यांना पहिल्या कथेसाठी १३० डॉलर दिले आणि नायकावरील सर्व हक्क आपल्याकडे घेतले. प्रकाशकाने कोट्यवधी डॉलर कमावले. हे दोघे मात्र पुढे हलाखीत दिवस काढत राहिले. १९७५ साली, बराच गाजावाजा झाल्यावर, त्यांना वार्षिक निवृत्तिवेतन मिळू लागले आणि सुपरमॅनचे निर्माते म्हणून त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली. ज्या धनादेशाने ते १३० डॉलर दिले गेले, त्यावर इतर कामाचे पैसे धरून एकूण ४१२ डॉलरची रक्कम होती. २०१२ साली त्या धनादेशाचाच लिलाव झाला आणि त्या कागदाला १ लाख ६० हजार डॉलर मिळाले. तोपर्यंत दोन्ही निर्माते हयात नव्हते.

जॅक कर्बी हे अमेरिकेतील थोर चित्रकार. त्यांनी ‘मार्व्हल’ या प्रकाशन संस्थेसाठी दहा हजारांहून अधिक पाने काढली. आपली मूळ पाने परत मिळावीत म्हणून त्यांना अनेक वर्षे झगडावे लागले. १९८७ साली पाने परत मिळाली, पण ती सुमारे दोन हजारच. उरलेल्यांपैकी पुष्कळ पाने तोवर हरवली होती किंवा नाहीशी झाली होती. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकी प्रकाशक चित्रकारांना मूळ पाने परत देऊ लागले. त्यामुळे पुढच्या पिढीला ती विकून चार पैसे मिळवता आले.

येथे एक फरक नीट समजून घ्या. कागदाची मालकी वेगळी आणि चित्र छापण्याचा हक्क वेगळा. लिलावात पान घेणाऱ्याला ते भिंतीवर लावता येते, पुन्हा विकताही येते. पण ते पुस्तकात छापून विकण्याचा हक्क त्याला मिळत नाही.

चित्र पुन्हा विकले गेले तर चित्रकारालाही वाटा मिळावा, असा कायदा फ्रान्सने १९२० सालीच केला. आता तो युरोपीय संघाच्या सर्व देशांत आहे. मात्र एका विक्रीमागे हा वाटा १२,५०० युरोंहून अधिक होऊ शकत नाही. भारताच्या कॉपीराइट कायद्यातही १९९४ साली अशी तरतूद करण्यात आली. मूळ चित्राची फेरविक्री १०,००० रुपयांहून अधिक किमतीला झाली, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना जास्तीत जास्त १० टक्के वाटा मागता येतो. अट अशी की, चित्राचा पहिला हक्क चित्रकाराचाच असला पाहिजे. अमेरिकेत, जेथे हे लिलाव सर्वांत मोठे होतात, देशभर लागू असलेला असा कायदा नाही.

जेथे कायदा पोहोचत नाही, तेथे कधी कधी माणुसकी पोहोचते. हर्ब ट्रिम्पी नावाच्या चित्रकारांनी १९७४ साली एक पान काढले. त्या पानावर वूल्व्हरीन या पुढे फार गाजलेल्या पात्राचे पहिले दर्शन होते. १९८३ साली त्यांनी ते एका किशोरवयीन चाहत्याला भेट दिले. पुढे ट्रिम्पी यांची नोकरी गेली आणि ते शाळेत चित्रकला शिकवू लागले. २०१४ साली त्या चाहत्याने पान लिलावात काढले. त्याला ६ लाख ५७ हजार २५० डॉलर किंमत आली. त्यातील मोठा भाग त्याने अडचणीतील चित्रकथाकारांना मदत करणाऱ्या एका संस्थेला देण्याचे ठरवले. अशीच दुसरी गोष्ट २००८ सालची. स्पायडरमॅन ज्या अंकात प्रथम अवतरला, त्या १९६२ सालच्या अंकाची स्टीव्ह डिटको यांनी काढलेली २४ मूळ पाने कोणीतरी वॉशिंग्टनच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या ग्रंथालयाला देणगी म्हणून दिली. ती विकली असती तर किती पैसे मिळाले असते, याची कल्पना तुम्ही करू शकता. दात्याने आपले नावही सांगू दिले नाही.

मित्रांनो, लाखो डॉलरची पाने आपण विकत घेऊ शकणार नाही. त्याची गरजही नाही. पण पुढच्या वेळी चित्रकथा हाती घ्याल, तेव्हा गोष्ट सुरू करण्यापूर्वी लेखकाचे आणि चित्रकाराचे नाव कोठे छापले आहे ते शोधा आणि वाचा. आपले नाव त्या जागी यावे म्हणून सीगल आणि शस्टर यांना अनेक वर्षे वाट पाहावी लागली होती.