दिवाळे निघाल्यानंतरची वर्षे

राजधानी परिसरात कर्ज थकलेल्या माणसाला सगळ्यांत मोठी धास्ती असते ती दिवाळखोर म्हणून नाव लागण्याची. माझ्या मते त्याहून जास्त नुकसान करते ते कधीच न संपणारे कर्ज. नोएडातल्या आम्रपाली या बिल्डर समूहाच्या घरांचे पाहा. २३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या समूहाची रेरा नोंदणी रद्द करून रखडलेल्या इमारती पुऱ्या करण्याचे काम एनबीसीसी या सरकारी बांधकाम कंपनीकडे सोपवले. तोवर चाळीस हजारांहून अधिक ग्राहक ताटकळले होते. घराचा ताबा नाही. पण अनेकांचा बँकेचा हप्ता आणि राहत्या जागेचे भाडे, दोन्ही चालू. अशा ओढाताणीत क्रेडिट कार्डावर आणि वैयक्तिक कर्जावर दिवस काढणाऱ्या पगारदाराने रीतसर दिवाळे जाहीर करायचे ठरवले, तर त्याच्या वाट्याला येतो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा.

या कायद्यानुसार पाचशे रुपयांचे देणे असलेला माणूसही नादारीचा अर्ज करू शकतो. कायदा किती जुना आहे ते या एका आकड्यावरून कळते. एकदा नादार ठरला की त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसिव्हरच्या ताब्यात जाते, आणि ऋणमुक्तीचा आदेश मिळेपर्यंत वारशाने आलेले धनही तिच्यातच जमा होते. आपली नादारी न सांगता पन्नास रुपये उधार घेतले तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खासदार, आमदार किंवा कंपनीचा संचालक होता येत नाही. पतमाहिती कंपन्या नोंदी किमान सात वर्षे जपतात, त्यामुळे नवे घरकर्ज मिळणे दुरापास्तच. खरी मेख मात्र ऋणमुक्तीत आहे. ती आपोआप मिळत नाही, न्यायालयाने ठरवलेल्या मुदतीत मागावी लागते. मुदत चुकली तर नादारीचा आदेशच रद्द होतो आणि धनको पुन्हा दारात उभे राहतात.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या तिसऱ्या भागात व्यक्तीला साधारण वर्षभरात मुक्ती देण्याची सोय आहे. दंड, पोटगी, शैक्षणिक कर्ज, फसवणुकीतून आलेले देणे अशी काही देणी मात्र सुटत नाहीत. परंतु १ डिसेंबर २०१९ पासून हा भाग लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. कंपनीसाठी हमी देणाऱ्या मालकासाठी कायद्यात जी वाट आहे ती त्याच्याच कचेरीतल्या कारकुनासाठी नाही, ही विषमता मला असह्य वाटते.

सहज मुक्ती दिली तर लोक मुद्दाम कर्ज बुडवतील, हा आक्षेप हलका नाही. पण या संहितेत दिवाळखोराला मालमत्ता सोडावी लागते, सारा हिशेब उघडा करावा लागतो, परवानगीशिवाय परदेशी जाता येत नाही; लबाडाला हा सौदा परवडत नाही. फेडण्याची ताकदच उरली नसेल तर धाकाने पैसा निघत नाही, हे पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेल्या दंग्यानंतर इंग्रज सरकारलाही उमगले होते. १८७९ च्या दख्खनच्या शेतकरी कायद्याने कर्जापायी होणारी अटक बंद केली आणि कुणब्याला नादारीची वाट दिली. बँका तडजोड करतातच, मग कायदा कशाला, असेही विचारले जाते. तडजोड एका बँकेशी होते. उरलेल्या धनकोंचे वसुलीवाले फोन करतच राहतात. नादारीत सगळ्यांना एकाच न्यायासनापुढे यावे लागते.

तिसरा भाग सर्वांना लागू करताना एक आकडा मात्र बदलायला हवा. हमीदारांसाठीच्या २०१९ च्या नियमांत शहरातले वीस लाखांपर्यंतचे, बोजा नसलेले घर दिवाळखोराच्या ताब्यात घ्यायच्या मालमत्तेतून वगळले आहे. नोएडा-गुरुग्रामात एवढ्या रकमेत धड फ्लॅट मिळणे कठीण, आणि कर्जावर घेतलेल्या घरावर तर बोजा असतोच.