स्वप्रकाशित ग्रंथाचें हक्कपृष्ठ

जुन्या पोथीच्या अखेरीस लेखनिकाचें नांव, शक, तिथि, स्थळ व पोथी कोणाकरितां लिहिली हें सांगणारी पुष्पिका आढळली म्हणजे संशोधकाचे निम्मे कष्ट वांचतात. छापील ग्रंथांत हेंच काम नामपृष्ठाच्या पाठीवरील हक्कपृष्ठ करितें. शिरूर व दौंड तालुक्यांतील ज्या गृहस्थांस घरचें दप्तर किंवा पोथी स्वखर्चानें छापावयाची असेल, त्यांच्या उपयोगार्थ आम्ही या पृष्ठाविषयीं चार शब्द लिहितों.

या भागांतील उत्तम उदाहरण केडगांवचें. दौंड तालुक्यांतील या गांवीं पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनचा स्वतःचा छापखाना होता. रमाबाईंनीं केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर तेथेंच छापिलें गेलें. त्या १९२२ सालीं निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला १९२४ सालीं. केवळ कर्त्रीच्या चरित्रावरून ग्रंथाचा काल ठरवूं जाणारा येथें फसेल. म्हणून प्रसिद्धीचें साल छापणें अगत्याचें आहे.

सन १८६७ च्या २५ व्या कायद्यानें मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव, तसेंच मुद्रणस्थळ व प्रकाशनस्थळ छापणें भाग पाडिलें होतें. ग्रंथ पुण्यास छापून शिरुरास प्रसिद्ध केला, तर दोन्ही स्थळें स्वतंत्र द्यावीं लागत. त्या कायद्याच्या जागीं नियतकालिकांचा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून अंमलांत आला; त्यांत पुस्तकांचा समावेश नाहीं. सक्ति गेली, परंतु गरज गेली नाहीं.

आतां हक्काविषयीं. सन १९५७ च्या कायद्याप्रमाणें ग्रंथस्वामित्व कर्त्याच्या हयातीत व मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षें राहतें; त्यास नोंदणीची अट नाहीं. कर्त्याच्या पश्चात् प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाचीं ६० वर्षें प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून मोजतात. पण ज्याच्या हातीं कागद, तो मजकुराचा स्वामी असें नव्हे. कर्त्यानें आपलें अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्रानें कोणास दिलें असेल व त्यांत विरुद्ध इच्छा दिसत नसेल, तर मात्र हक्कही त्याच्याकडे जातो. बाजारांत विकत घेतलेल्या बाडास ही सवड नाहीं. प्राचीन बखर छापून तिजवर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असा शिक्का मारणें आम्हांस अनुचित वाटतें. संपादकानें प्रस्तावना, टीपा व सूचि यांपुरताच हक्क सांगावा.

तात्पर्य, हक्कपृष्ठावर मूळ कर्ता, संपादक, प्रकाशक व मुद्रक यांचीं नांवें, दोन्ही स्थळें, साल, आवृत्ति, प्रतींची संख्या, हक्काचा धनी आणि अस्सल कागद कोठें आहेत, इतकें असावें. प्रसिद्धीपासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य तीन ग्रंथालयांस प्रती पाठविणें सन १९५४ च्या कायद्यानें प्रकाशकावर बंधनकारक आहे, आणि स्वप्रकाशित ग्रंथाचा प्रकाशक म्हणजे आपणच. कागद पुढें जीर्ण झाले, तरी त्यांचा माग या एका पानावरून लागेल.